उमेदवार पेठेचा, निकाल गावाचा

जॉर्जिया राज्यातल्या बर्क काउंटीत 1980 च्या जनगणनेत 19,349 माणसे मोजली गेली. त्यांतली 10,385 काळी होती, म्हणजे निम्म्याहून जास्त. काउंटीचा कारभार पाच कमिशनरांकडे होता आणि त्यांना निवडायची रीत 1911 पासून एकच चालत आली होती. या सगळ्या काळात त्या पाच खुर्च्यांपैकी एकीवरही काळा माणूस कधी बसला नाही. 1965 च्या मताधिकार कायद्यानंतर काळ्यांना मतदानाला उघड आडकाठी राहिली नव्हती, उमेदवारी अर्ज भरायलाही कोणी अडवत नव्हते. तरीही पाचही जागा गोऱ्यांकडेच. कारण साधे होते. प्रत्येक जागेसाठी मत द्यायचे ते अख्ख्या काउंटीने. मतदार यादीत काळ्यांचा वाटा होता 38 टक्के, गोरे मत देत गोऱ्यांना आणि काळे काळ्यांना. 38 टक्क्यांना पाचपैकी किती जागा मिळाव्यात, असे शाळकरी पोराला विचारले तर ते दोन म्हणेल. या सरसकट पद्धतीत उत्तर येते शून्य, आणि दर निवडणुकीला तेच येते.

काउंटीला आपण सोयीसाठी जिल्हा म्हणतो, पण कित्येक काउंट्या लोकसंख्येने आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान असतात. अमेरिकेत त्या तीन हजारांवर आहेत. कारभारी मंडळाची नावे राज्यागणिक बदलतात. लुइझियानात त्याला ‘पोलीस ज्युरी’ म्हणतात (पोलिसांशी त्याचा काही संबंध नाही), टेक्सासात ‘कमिशनर्स कोर्ट’ म्हणतात (ते न्यायदानासाठी नसते). नाव काहीही असो, मालमत्ता कराचा दर, रस्ते, तुरुंगाचा खर्च, सार्वजनिक आरोग्य हे सगळे तीन-पाच माणसांच्या हातात असते. आपल्या जिल्हा परिषद सदस्याला हेवा वाटावा एवढी ही सत्ता आहे. म्हणूनच हे कमिशनर निवडायचे कसे, यावर गेली साठ वर्षे तिथे कोर्टकज्जे चालू आहेत.

बर्कमधल्या आठ काळ्या रहिवाशांनी 1976 मध्ये दावा लावला. पुराव्यात एक गोष्ट होती, ती महाराष्ट्रातल्या कोणालाही फोड करून सांगायला नको. काउंटीचे डांबर कोणाच्या दारापर्यंत पोचत होते आणि कुठे थांबत होते, हे कोर्टाने पाहिले आणि रस्ते करण्यातला भेदभाव उघड आहे अशी नोंद केली. पाचही कमिशनर अख्ख्या काउंटीचे, म्हणजे काळ्या वस्तीचेही प्रतिनिधी होते. पण त्या वस्तीच्या मतांवाचून त्यांचे काही अडत नव्हते. ज्याच्या मतावाचून अडत नाही त्याच्या गल्लीत डांबर उशिरा पोचते, किंवा पोचतच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1 जुलै 1982 रोजी दावा मांडणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. गंमत अशी की दोनच दिवस आधी, 29 जूनला, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी मताधिकार कायद्याच्या दुरुस्तीवर सही केली होती. त्याआधी, अलाबामातल्या मोबिल शहराच्या 1980 च्या खटल्यापासून, पद्धत मुद्दाम भेदभावासाठी आणली किंवा टिकवली हे सिद्ध करावे लागे. 1911 साली पद्धत आणून केव्हाच मेलेल्या माणसांच्या पोटात काय होते, हे 1980 साली कोण कसे सिद्ध करणार? दुरुस्तीने हेतूची अट काढून परिणाम पाहायला सांगितले. तो बदल मला त्या सगळ्या दशकातला सर्वांत शहाणा वाटतो. निवडणुकीची पद्धत तिच्या फळावरून तपासावी, तिला जन्म देणाऱ्यांच्या मनावरून नव्हे.

इथे मराठी वाचकाला एक शंका येईल, ती आत्ताच मिटवतो. हा राखीव जागांचा वाद नाही. काउंटीतली कोणतीही खुर्ची अमक्या वंशासाठी राखून ठेवा, असे तिथे कोणी मागत नव्हते. काउंटीचे पाच वॉर्ड करा, प्रत्येक वॉर्डाला आपला माणूस निवडू द्या, एवढीच मागणी होती. त्या वॉर्डातून काळ्यांच्या मतांवर गोराही निवडून येऊ शकतो, फक्त मग त्याला त्या वस्तीत जाऊन बसावे लागते.

सरसकट पद्धत आपल्याला परकी नाही. साखर कारखान्याची निवडणूक आठवा. अनेक कारखान्यांत उमेदवार गटागटातून उभे राहतात, पण प्रत्येक गटाच्या संचालकाला मत द्यायचे ते कार्यक्षेत्रातल्या सगळ्या सभासदांनी. त्यामुळे ‘पॅनल टू पॅनल’ शिक्के पडतात, ज्याचे पॅनल चालले त्याचे झाडून सगळे संचालक येतात आणि विरोधकाचा स्वतःच्या गटात दबदबा असला तरी तो घरी बसतो. महापालिकांचा प्रभागही याच जातीचा. मुंबईला एक वॉर्ड एक नगरसेवक, आणि पुण्याला 2002 मध्ये तीनांचा प्रभाग, 2007 मध्ये एकाचा, 2012 मध्ये दोघांचा, 2017 मध्ये चौघांचा. जागांना अ, ब, क, ड अशी नावे, प्रत्येक जागेची लढत वेगळी, आणि प्रभागातल्या सगळ्यांनी चारही जागांसाठी बटण दाबायचे.

ही अ-ब-क-ड ची युक्ती अलाबामाच्या जुन्या कारभाऱ्यांना चांगली ठाऊक होती. तिथे तिला क्रमांकित जागा म्हणत. सगळ्या उमेदवारांची एकच यादी असेल आणि पहिले पाच निवडून येणार असतील, तर अल्पसंख्याक मतदार आपले एकच मत आपल्या एका माणसाला देऊन बाकीची चार मते कोरी ठेवू शकतो, आणि मग तो माणूस पाचांत येण्याची आशा तरी असते. जागांना क्रमांक दिले की ही वाट बंद होते. प्रत्येक जागेवर समोरासमोर लढत, आणि प्रत्येक लढतीत बहुसंख्य तेच. अलाबामाच्या विधिमंडळाने हे वांशिक हेतूनेच केले, असा निष्कर्ष तिथल्या संघराज्य न्यायालयाने 1980 च्या दशकात काढला आणि कितीतरी काउंट्या, शहरे आणि शाळा मंडळांना पद्धत बदलावी लागली. पुण्यात अ-ब-क-ड वंशासाठी आले असे मी म्हणत नाही. आरक्षणाचे गणित बसवायला ते सोयीचे आहे. पण लहान पक्षांचे आणि अपक्षांचे त्यात काय होते, ते कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा.

आता येतो त्या प्रकाराकडे, जो मला सरसकट पद्धतीपेक्षाही जास्त खटकतो. सरसकट पद्धत निदान उघड असते.

वायव्येच्या वॉशिंग्टन राज्यातल्या बऱ्याच काउंट्यांत कमिशनरची निवडणूक दोन टप्प्यांत होते. पहिल्या फेरीत फक्त त्या वॉर्डातले लोक मत देतात आणि दोघांना पुढे पाठवतात. अंतिम फेरीत त्या दोघांतून निवडते अख्खी काउंटी. वरून पाहिले तर किती समतोल! वॉर्डालाही मान, काउंटीलाही मान. प्रत्यक्षात असे होते की वॉर्डाने ज्याला भरभरून मते देऊन पहिला केला तो अंतिम फेरीत पडतो, आणि वॉर्डाने नाकारलेला दुसरा वॉर्डाचा प्रतिनिधी म्हणून खुर्चीत बसतो. याकिमा ही सफरचंदांची आणि हॉप्सची काउंटी. बागांत राबणारे बहुसंख्य लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे), आज लोकसंख्येत जवळपास निम्मे. शेजारच्या फ्रँकलिन काउंटीत ते निम्म्याहून जास्त. कमिशनरांच्या खुर्च्यांवर मात्र या लोकसंख्येची सावलीही क्वचितच पडली.

हा दोन टप्प्यांचा खेळ आपल्या वाचकाला कुठेतरी वाचल्यासारखा वाटत असेल तर त्याची स्मरणशक्ती पक्की आहे. 24 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्यात झालेल्या पुणे करारात हीच रचना होती. प्रत्येक राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनी चार जणांची नावे निवडायची, मग त्या चारांतून एकाला सर्व मतदारांनी मिळून निवडायचे. आपल्या माणसांत चौथा आलेला उमेदवार इतरांच्या मतांवर निवडून यावा, हे त्यात सहज शक्य होते. डॉ. आंबेडकरांनी पुढे या करारावर जी टीका केली तिचे मर्म हेच: प्रतिनिधी आमचा, पण त्याची दोरी दुसऱ्याच्या हातात. याकिमातल्या बागेत फळे तोडणाऱ्याने येरवड्याचे नाव कधी ऐकले नसेल. पण त्याची तक्रार शब्दाला शब्द तीच आहे.

वॉशिंग्टन राज्याने 2018 मध्ये स्वतःचा मताधिकार कायदा केला आणि त्याच्या जोरावर आधी याकिमा, मग फ्रँकलिन या काउंट्यांना तडजोड करून अंतिम फेरीही वॉर्डापुरतीच ठेवण्याचे मान्य करावे लागले. हा कायदाच घटनाबाह्य आहे असा आक्षेप आला, तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये फेटाळला. वॉर्ड केल्याने काय होते याचा दाखला याकिमा शहरातच होता. शहराच्या कौन्सिलची सरसकट निवडणूक 2014 मध्ये न्यायालयाने मोडीत काढली, आणि पुढच्याच वर्षी वॉर्डांतून तीन लॅटिनो स्त्रिया निवडून आल्या. त्याआधी कौन्सिलवर निवडून आलेल्यांत एकही लॅटिनो नव्हता.

आणि ही फक्त वंशाची गोष्ट नाही. त्याच राज्यातल्या स्पोकेन काउंटीत वाद पक्षाचा होता. मोठ्या काउंट्यांसाठी राज्याने केलेल्या कायद्यामुळे तिथे तीनाचे पाच कमिशनर झाले आणि 2022 मध्ये पहिल्यांदा वॉर्डनिहाय मतदान झाले. आले तीन रिपब्लिकन, दोन डेमोक्रॅट. त्याआधीच्या मंडळात सगळे रिपब्लिकन होते. मतदार रातोरात बदलले नव्हते, मोजणीची हद्द बदलली होती.

सरसकट पद्धतीच्या बाजूने बोलणारे सगळेच लबाड असतात असे नाही. त्यांचा एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. वॉर्डाचा माणूस वॉर्डापुरतेच पाहतो. तुरुंग बांधायचा, पूल बांधायचा, कराचा दर ठरवायचा, तर अख्ख्या काउंटीचा विचार करणारे कोणीतरी हवे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी शहरांत वॉर्डावॉर्डातल्या दादांची राजवट मोडायला सुधारकांनीच सरसकट निवडणुका आणल्या, त्यांत प्रामाणिक माणसेही होती. वॉर्डाचा नगरसेवक आणि त्याची फ्लेक्सची हौस ज्याने पाहिली आहे त्याला हा मुद्दा पटायला वेळ लागणार नाही. मलाही पटतो, पण अर्धाच. ‘अख्ख्या काउंटीचा विचार’ करणाऱ्या बर्कच्या पाच कमिशनरांनी सत्तर वर्षे काय विचार केला ते आपण पाहिले. शिवाय पाच वॉर्डांतले पाच जण एका टेबलाशी बसून भांडतात, देवघेव करतात, तेव्हाच काउंटीचा विचार होतो. एकाच घोळक्याने निवडलेले पाच जण भांडत नाहीत, एवढ्यावरून त्यांना दूरदृष्टी आहे असे ठरत नाही.

त्यापेक्षा दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. वॉर्ड कोण आखणार? टेक्सासच्या मिडलंड काउंटीत वॉर्ड होते की. चार वॉर्ड होते. एकात, म्हणजे मिडलंड शहरात, 67,906 माणसे; उरलेल्या तीनांत 852, 414 आणि 828. चौघांना मत सारखेच. तीन वॉर्डांतल्या दोन हजार शेतकऱ्यांनी सदुसष्ट हजारांच्या शहरावर राज्य करावे, ही रचना सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये मोडली. वॉर्डांची लोकसंख्या सारखी ठेवली तरी रेषा कुठून न्यायची हा प्रश्न उरतोच. युटा राज्यातल्या सान ह्वान काउंटीत नावाहो आदिवासी जवळपास निम्मे. केंद्र सरकारच्या दाव्यानंतर 1980 च्या दशकात तिथे तीन वॉर्ड झाले आणि 1986 मध्ये मार्क मेरीबॉय हे युटातले पहिले आदिवासी काउंटी कमिशनर निवडून आले. वॉर्ड पद्धतीचा विजय म्हणावा, तर नावाहो मतदार एकाच वॉर्डात कोंबले गेले होते. निम्म्या लोकांना तीनातली एक जागा, आणि ती पुढची तीस वर्षे एकच राहिली. न्यायालयाने नवे नकाशे लावले तेव्हा कुठे 2018 मध्ये मंडळावर नावाहोंचे बहुमत आले. लगेच पुढच्या वर्षी काउंटीच्या कारभाराची रचनाच बदलावी का, हे अभ्यासायला समिती नेमण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. ज्या तीन खुर्च्या तीस वर्षे कोणाला खुपल्या नव्हत्या, त्या एका वर्षात खुपू लागल्या! प्रस्ताव थोडक्या मतांनी पडला.

म्हणून फक्त ‘वॉर्ड करा’ असा नारा देऊन मी मोकळा होत नाही. जिथे अल्पसंख्याक एका बाजूला वसलेले असतात तिथे वॉर्ड चालतात. ते विखुरलेले असतील तर कितीही प्रामाणिक माणसाने नकाशा काढला तरी त्यांचा वॉर्ड होत नाही. अशा ठिकाणी तिसरी वाट आहे आणि ती वापरून पाहिलेली आहे. अलाबामाच्या चिल्टन काउंटीत काळे लोक जेमतेम दहा-बारा टक्के. 1988 मध्ये तिथे सात कमिशनर निवडायचे होते. वॉर्ड पाडण्याऐवजी प्रत्येक मतदाराला सात मते दिली आणि सांगितले, सातांना एकेक द्या नाहीतर सातही एकालाच द्या. बॉबी एजी निवडून आले, त्या मंडळावरचे पहिले काळे कमिशनर. जागा राखीव नव्हती, कोणती रेषाही वाकडी करावी लागली नाही. ज्याला जो माणूस जीव तोडून हवा होता त्याने आपली सगळी मते त्याच्या पारड्यात टाकली.

पुन्हा आंबेडकरांकडे येतो, कारण टाळणे अशक्य आहे. भाषावार राज्यांवर 1955 मध्ये लिहिताना त्यांनी अल्पसंख्याकांच्या भीतीवर उपाय सुचवला होता तो हाच: दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि सगळी मते एकालाच देण्याची मुभा. 1952 मध्ये मुंबईत ज्या द्विसदस्य मतदारसंघात ते स्वतः हरले, तिथे मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देण्यास कायद्याने मनाई होती. चिल्टनमध्ये जे तेहतीस वर्षांनी झाले ते आपल्याकडे कागदावरच राहिले. चारांच्या प्रभागावर दर पाच वर्षांनी आपण तावातावाने बोलतो, पण चारही मते एकाला देता यावीत अशी मागणी मी एकाही पक्षाच्या तोंडून ऐकलेली नाही.

उरला प्रश्न निर्णयाचा. लोकांना विचारा, सार्वमत घ्या, असे म्हणणे कानाला फार गोड लागते. जॉर्जियाच्या ब्लेकली काउंटीत पाच सोडाच, 1912 पासून एकच कमिशनर होता; नियम करणाराही तोच आणि राबवणाराही तोच. पाच वॉर्डांचे मंडळ करायचे का, असे 1986 मध्ये लोकांना विचारले, तर लोकांनी नको म्हटले. त्याच काउंटीने शाळा मंडळासाठी पाच वॉर्ड आधीच मान्य केले होते, म्हणजे वॉर्ड समजत नव्हते असे नाही. काळे मतदार पाचात एक होते. ज्या बहुमताला सगळे मिळते आहे त्याला विचारून वाटणी होत नसते. थोरल्याच्या संमतीने धाकट्याचा हिस्सा ठरवण्यासारखे ते आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1994 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणाले, मंडळात किती माणसे असावीत या प्रश्नाला मताधिकार कायद्याच्या, परिणाम पाहायला सांगणाऱ्या त्या कलमाखाली हात घालता येणार नाही. मला तो निकाल चुकीचा वाटतो. एक खुर्ची असेल तर तिचे वॉर्ड पाडता येत नाहीत, म्हणून खुर्च्यांची संख्या हाच पद्धतीचा गाभा आहे. आपल्याकडचा उलटा रोगही काही बरा नाही: इथे लोकांना कोणी विचारत नाही, सरकार बदलले की प्रभागाचा आकडा बदलतो. पद्धत बहुमताच्या हातात ठेवू नये आणि सत्तेवरच्या पक्षाच्या हातातही ठेवू नये. वॉशिंग्टनने केले तसा एकदाच कायदा करावा, कसोटी परिणामाची ठेवावी आणि ज्याची जागा बुडते आहे त्याला दाद मागायची वाट मोकळी ठेवावी.

तेवढ्यानेही भागत नाही, हे एटोवा काउंटीने दाखवले. अलाबामातल्या या काउंटीत चार कमिशनर आपापल्या भागातले रस्ते सांभाळत. निवडून मात्र यायचे अख्ख्या काउंटीतून. 1986 मध्ये न्यायालयात तडजोड झाली. सहा वॉर्ड, सहा कमिशनर, ज्याचा वॉर्ड त्याचे मत. एका नव्या वॉर्डातून लॉरेन्स प्रेस्ली आले, आधुनिक काळातले तिथले पहिले काळे कमिशनर. वॉर्ड मिळाला, खुर्ची मिळाली. 1987 च्या ऑगस्टमध्ये जुन्या चौघांनी बहुमताने दोन ठराव केले. रस्त्यांचे सगळे कामगार आणि यंत्रे जुन्या चौघांच्याच ताब्यात राहतील, आणि रस्त्यांचा पैसा यापुढे भागनिहाय न वाटता एकाच खात्यात जमा होऊन बहुमताने खर्च होईल. मतदानाच्या नियमांत बदल करायला अलाबामासारख्या राज्यांना तेव्हा मताधिकार कायद्याखाली केंद्राची पूर्वपरवानगी लागे. निधी एकत्र करण्याचा ठराव तिच्यावाचून करता येतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. 1992 मध्ये न्यायालयाने सांगितले की हा मतदानातला बदल नाही, कारभारातली अंतर्गत वाटणी आहे, परवानगीची गरज नाही. प्रेस्ली यांच्या वॉर्डातल्या रस्त्यांवर डांबर कधी पडायचे ते जुने चौघे ठरवणार होते. प्रेस्लींकडे देखभालीला आली ती काउंटीच्या कोर्टाची इमारत.